नाकावर काळी फळे

विरार पश्चिमेच्या 'शुभलक्ष्मी' सोसायटीत नोटीस लिहायची वेळ आली की ती प्रल्हादराव गोठोस्करांकडे येते. 'उद्या पाणी येणार नाही' एवढंच सांगायचं असलं तरी प्रल्हादराव ते अशा भाषेत सांगतात, की वाचणाऱ्याला पाण्याची काळजी वाटण्याआधी स्वतःच्या आयुष्याबद्दल अपराधी वाटतं. चौतीस वर्षं विमा कंपनीत नुकसानीचे अहवाल लिहून ते निवृत्त झाले. अहवाल इंग्रजीत लिहावे लागत, त्यामुळे साठून राहिलेलं सगळं मराठी आता सोसायटीच्या फलकावर आणि ओळखीपाळखीच्या श्रद्धांजल्यांमध्ये वाहत असतं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी त्यांच्या मुलीचा, अश्लेषाचा, नाशिकहून फोन आला. ती तिथल्या एका लहानशा वाइन कंपनीत सहा महिन्यांपूर्वी लागली होती आणि अजून कायम व्हायची होती.

"बाबा, एक वाचून दाखवते. हसायचं नाही," ती म्हणाली. "'नाकावर काळी फळे. तोंडात चामडे व जुना तंबाखू. शेवट लांब आणि मखमली.'"

"कोणाचा शेवट?" प्रल्हादरावांनी काळजीने विचारलं.

"वाइनचा! आमच्या चार रेड वाइन आहेत. बाटलीच्या मागे मराठीत वर्णन छापायचंय. एजन्सीने हे करून पाठवलं. मीटिंगमध्ये सगळे हसले, आणि मी बोलून बसले की माझे बाबा ह्याच्यापेक्षा शंभरपट चांगलं लिहितील. आता सिद्धेश सर म्हणतात, रविवारी मुंबईला जाताना वाट वाकडी करून तुमच्याकडे येतो आणि ऐकतो. बाबा, माझं कन्फर्मेशन ह्याच महिन्यात आहे."

"पाठव बाटल्या," प्रल्हादराव म्हणाले. फोन ठेवला आणि मग त्यांना घाम फुटला.

कारण प्रल्हादरावांना वास येत नव्हता.

एकेकाळी 'गोठोस्करांचं नाक' म्हणजे विमा कंपनीतली एक संस्था होती. गोदाम आपोआप पेटलं की कोणी पेटवलं, हे ते जळक्या दारात उभे राहून, मान किंचित वर करून सांगत. रॉकेल, थिनर, जुनी वायर, नवी वायर, सगळं त्यांना वेगवेगळं ऐकू आल्यासारखं येई. दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये ते पंधरा दिवस आजारी पडले. ताप गेला, खोकला गेला, ताकद परत आली, पण वास काही परतला नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि मग इतके दिवस सांगितलं नाही हे सांगायची लाज वाटू लागली. चार वर्षं ते जेवणाच्या ताटावर मान हलवून 'वा' म्हणत होते. ही 'वा' केव्हा आणि किती लांब म्हणायची, ह्याचा त्यांनी अंदाज बसवला होता.

बुधवारी खोकं आलं. चार प्रकार, प्रत्येकी दोन, अशा आठ बाटल्या आणि सोबत इंग्रजी वर्णनांचा एक कागद. प्रल्हादरावांच्या पत्नीने, विनयाबाईंनी, खोकं देवघरापासून शक्य तितकं लांब, म्हणजे कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत ठेवायला लावलं. त्यांच्या माहेरी रत्नागिरीला आणि सासरी सावंतवाडीकडे, दोन्ही घरांत बाटलीत फक्त खोबरेल तेल आणि काढे असत.

प्रल्हादराव कायद्याचे माणूस. घरात आठ बाटल्या आहेत आणि परवाना नाही, ह्या विचाराने त्यांचा दुपारचा डोळा लागेना. त्यांनी ऑनलाइन अर्ज भरायला घेतला आणि परवाना 'आरोग्य राखण्यासाठी' मिळतो हे वाचून ते थबकले. आपला हेतू आरोग्याचा नाही, वर्णनाचा आहे. खोटं कसं लिहायचं? त्यांनी संबंधित कार्यालयाला दीड पानी पत्र लिहायला घेतलं, ज्यात 'प्राशन' आणि 'परीक्षण' ह्यांतला फरक तीन परिच्छेदांत सांगितला होता. विनयाबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, मुलीची नोकरी टिकली तर तुमचं आरोग्य राहणारच आहे की. टाका सही." परवाना निघाला. विनयाबाईंचा काढायचा प्रश्न नव्हता. त्या पिणार नव्हत्याच.

गुरुवारी समोरच्या फ्लॅटमधल्या संपदा ताम्हाणे आल्या. संपदाताई कोणत्याही विषयाचे मोबाइलवर दोन व्हिडिओ बघतात आणि तिसऱ्या व्हिडिओची गरज भासू नये इतक्या त्या विषयातल्या अधिकारी होतात.

"पहिली गोष्ट, गिळायची नाही," त्यांनी सांगितलं. "तोंडात घोळवायची आणि थुंकायची."

"कुठे?" विनयाबाईंनी विचारलं. त्यांना आपलं नवं बेसिन दिसत होतं.

"चांदीच्या भांड्यात थुंकतात म्हणे मोठे लोक."

"आमच्याकडे चांदीचं एकच भांडं आहे, आणि त्यात नैवेद्य असतो," विनयाबाई म्हणाल्या. तो विषय तिथेच संपला.

पण बाटली उघडल्याशिवाय थुंकायचा प्रश्न येत नव्हता, आणि बाटल्यांना बुचं होती. साधी फिरकीची झाकणं नव्हेत. ओढून काढायची, खरीखुरी बुचं. संपदाताईंना लगेच दुसरा व्हिडिओ आठवला. बाटलीचं बूड बुटात घालायचं आणि बूट भिंतीवर हळूहळू आपटायचा; बूच आपोआप बाहेर येतं. प्रल्हादरावांनी ऑफिसचे काळे बूट काढले. पहिले दहा ठोके हळू होते. पुढचे वीस ठोके मानी माणसाचे होते. बूच केसभरही हललं नाही, पण भिंतीपलीकडच्या नेन्यांचं भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. नेन्यांनी सोसायटीकडे तक्रार केली, सोसायटीने नोटीस काढायचं ठरवलं, आणि नोटीस लिहायला अर्थातच प्रल्हादरावांकडे आली. 'सामाईक भिंतींवर पादत्राणे आपटण्याची अनिष्ट प्रथा काही सभासदांत बळावत असल्याचे निदर्शनास आले आहे,' असं त्यांनी स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अनेकांची लक्तरं कागदावर मांडली होती, स्वतःची पहिल्यांदाच.

शुक्रवारी त्यांनी ठरवलं, बूच उघडून तरी आपल्याला काय कळणार आहे? शब्द आपले आहेत. त्यांनी लिहायला घेतलं आणि दुपारी अश्लेषाला फोनवर वाचून दाखवलं.

"'गंभीर प्रकृतीची, संयमी, अनुभवाने समृद्ध. प्रथमदर्शनी अबोल, परंतु सहवासात खुलणारी. मागे प्रदीर्घ स्मृती ठेवून जाणारी.'"

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"बाबा," अश्लेषा हळूच म्हणाली, "वारली का ही वाइन?"

प्रल्हादरावांनी कागद चुरगळला नाही. तो नीट घडी घालून खिशात ठेवला; भाषा चांगली होती, कुठेतरी उपयोगी पडली असती.

त्या संध्याकाळी ते रुडॉल्फ तुस्कानोंना भेटायला नंदाखालला गेले. रुडॉल्फ बँकेतून निवृत्त झालेले, घरची केळीची आणि नारळाची वाडी सांभाळणारे. सकाळी फिरताना दोघांची मैत्री जमली होती. त्यांच्याकडे बूच काढायचा स्क्रू होता, मुलीच्या लग्नातले उंच दांड्याचे डझनभर ग्लास होते, आणि प्रत्येक बाबतीत एक ठाम मत होतं.

"तुम्ही उघडली नाही ते बरं केलं, गोठोस्करसाहेब," रुडॉल्फ म्हणाले. "बाटलीवर काय लिहिलंय? रूम टेंपरेचरला प्या. कोणाची रूम? ज्यांनी हा नियम केला त्यांच्या देशात रूम म्हणजे अठरा डिग्री. तुमची विरारची रूम मे महिन्यात चौतीस. ह्या गर्मीत वाइन नाही, काढा लागेल तुम्हाला."

"मग फ्रिज?"

"फ्रिजमध्ये ती गारठून गप्प बसते. विहीर पाहिजे. आमच्या विहिरीचं पाणी तळाला असं असतं बघा, ना गार ना गरम. उद्या घेऊन या."

शनिवारी सकाळी प्रल्हादरावांनी आठ बाटल्या दोन पिशव्यांत घातल्या, वर लाल माठाच्या जुड्या पसरल्या आणि वॉचमनसमोरून शक्य तितक्या शाकाहारी चेहऱ्याने स्कूटर बाहेर काढली. वाडीत रुडॉल्फनी केळी भरायच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बाटल्या ठेवल्या, चारी कोपऱ्यांना दोर बांधला आणि क्रेट विहिरीत सोडला. मग दोघे पडवीत बसले. रुडॉल्फची बायको लिडिया हिने केळ्याच्या वड्या आणि चहा दिला. माडांच्या सावलीत, पोफळीच्या वाऱ्यात, चार तास कसे गेले ते कळलं नाही. प्रल्हादरावांना उगाचच आपण फार जाणकार झालो आहोत असं वाटू लागलं.

"ओ," लिडियाने विहिरीकडून हाक मारली, "हे पाण्यावर काय तरंगतंय? लग्नपत्रिका टाकल्यात का कोणी?"

ती लेबलं होती. पुढची आठ, मागची आठ, एकूण सोळा, संथपणे गोल फिरत होती. क्रेट वर ओढला तेव्हा त्यात आठ बाटल्या होत्या, आठही स्वच्छ, हिरव्या, चकचकीत आणि अगदी एकसारख्या. बुचावरही फक्त कंपनीचं नाव होतं.

"पाणी मात्र बरोबर आहे," रुडॉल्फ बाटलीला हात लावून म्हणाले. मग त्यांनी लेबलं काढायला विहिरीत बादली सोडली.

प्रल्हादराव घरी आले आणि सोफ्यावर बसून राहिले. उद्या दुपारी सिद्धेश सर येणार. कुठली वाइन कुठली हेच माहीत नाही, मग वर्णन कशाचं वाचायचं? अश्लेषाला फोन करून दुसऱ्या बाटल्या मागवाव्या, तर तिलाच साहेबासमोर मान खाली घालावी लागणार. नाक चालू असतं तर त्यांनी आठ ग्लासांत काय ते दहा मिनिटांत निवडून दिलं असतं. आजच नेमकं ते नाक हवं होतं, आणि ते नव्हतं.

विनयाबाई चहाचे कप घेऊन समोर येऊन बसल्या.

"विनया," प्रल्हादराव कपाकडे बघत म्हणाले, "मला वास येत नाही."

"माहीत आहे," विनयाबाई म्हणाल्या.

"आज नाही म्हणत मी. चार वर्षं येत नाही. आजारी पडलो होतो तेव्हापासून."

"तेच म्हणते मी. माहीत आहे." त्यांनी बशीत चहा ओतला. "त्या वर्षी जूनमध्ये दूध नासलं होतं. मी टाकून द्यायच्या आत तुम्ही त्याचा चहा करून प्यायलात आणि म्हणालात, 'फक्कड'. मग मी एकदा मुद्दाम आमटीत हिंग-फोडणी काही न घालता वाढली. तुम्ही इतकी लांब 'वा' म्हणालात, की मला रडू आलं."

प्रल्हादरावांनी कप खाली ठेवला. त्यांना आठवलं, गेल्या चार वर्षांत ही घरातून बाहेर पडताना दर वेळी स्वयंपाकघरात परत जाऊन गॅसची शेगडी हुंगून येते. तिला विसरायची सवय लागली असावी, असं ते समजत होते. त्यांचे शर्ट ती धुवायच्या आधी नाकाला लावून बघते, फ्रिजमधली भाजी त्यांच्या आधी उघडते, त्यांना एकट्याला घरी ठेवून कधी दोन दिवसांपेक्षा जास्त माहेरी राहत नाही. ह्या सगळ्याचं त्यांनी आजवर एका शब्दाने वर्णन केलं असतं: काटेकोर. अहवाल लिहिणाऱ्या माणसाने इतका मोठा पुरावा चार वर्षं डोळ्यांसमोर असून वाचला नव्हता.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते," विनयाबाई म्हणाल्या. मग पदराला हात पुसून उठल्या. "त्या बाटल्या उद्या सकाळी उघडा. मी पिणार नाही. पण वास घ्यायला परवाना लागतो का हो?"

प्रल्हादरावांनी नियम पुन्हा पाहिले. वासाचा उल्लेख कुठेही नव्हता.

रविवारी सकाळी विनयाबाईंनी ज्या गांभीर्याने काम हातात घेतलं, ते पाहून प्रल्हादरावांना आपल्या जुन्या खात्यातल्या एकाही अधिकाऱ्याची आठवण होईना, इतका एकही गंभीर नव्हता. उदबत्ती लावली नाही. फोडणी दुपारवर ढकलली. खिडक्या उघडल्या. संपदाताई अत्तर लावून आल्या होत्या, त्यांना बाहेरच्या बाहेर परत पाठवलं. नंदाखालहून ग्लास घेऊन आलेल्या रुडॉल्फनी स्क्रूने आठ बुचं काढली, आठ ग्लासांत दोन-दोन बोटं ओतलं आणि प्रत्येक ग्लासाखाली आणि त्याच्या बाटलीखाली आकड्याची चिठ्ठी ठेवली.

विनयाबाईंनी डोळे मिटले आणि पहिल्या ग्लासात नाक घातलं.

"मिरी," त्या म्हणाल्या. "डब्यातली नाही, आत्ता खलबत्त्यात ठेचलेली. आणि तिच्यामागे जांभूळ. झाडावरचं नाही. खाली पडून उन्हात तापलेलं."

प्रल्हादरावांनी अश्लेषाचा इंग्रजी कागद पाहिला. शिराझ: काळी मिरी, पिकलेली काळी फळं. लिहून घ्यायला त्यांनी पेन उचललं.

"हा दुसरा म्हणजे ढोबळी मिरची. आख्खी नाही, पहिली सुरी घालतो ना, तेव्हा येतो तो. आणि नवी पेन्सिल. अशू शाळेत असताना रोज टोकं करून ठेवायचे, तोच वास." कागदावर कॅबर्ने होती: हिरवी ढोबळी मिरची, देवदाराचं लाकूड.

"देवदार!" रुडॉल्फ पुटपुटले. "पेन्सिल देवदाराचीच असते ओ!"

"हा मऊ आहे. करवंद, अगदी काळं झालेलं, चीक गेलेलं." ती मर्लो.

अशा त्या एकेका ग्लासावरून पुढे गेल्या, मग मागे आल्या, मग ग्लास एकमेकांशेजारी लावत गेल्या, जसे डबे आणि झाकणं लावतात. पहिला आणि सातवा एका घरचे. दुसरा आणि चौथा. तिसरा आणि सहावा. उरले पाचवा आणि आठवा, म्हणजे कागदावरची चौथी, सगळ्यात महाग 'रिझर्व्ह'.

पाचव्यापाशी त्या फार वेळ थांबल्या.

"ही धुरी आहे," त्या हळूच म्हणाल्या. "अशूला न्हाऊ घालून शेगडीवर ओवा आणि वावडिंग टाकून धुरी द्यायचो, ती. बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर आणल्यावर त्याच्या डोक्याला यायचा तो वास."

प्रल्हादरावांचं पेन थांबलं. त्यांना वास आला नव्हता. त्याबाबतीत फसवणूक करून घेण्यात अर्थ नव्हता. पण सावंतवाडीची ती अंधारी खोली, ती ओली टाळू, हात लावायची भीती वाटणारं ते बोचकं, सगळं एकदम समोर आलं. चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना वास सांगितला होता. आपण वास हरवल्याचं कोणाला सांगितलंच नाही, म्हणून कोणी सांगितला नाही, हे त्यांना तेव्हा कळलं.

"पण आठव्याचं काहीतरी बिघडलंय," विनयाबाई म्हणत होत्या. "आहे ह्याचाच भाऊ. पण आजारी आहे."

तेवढ्यात दारात कमळी आली. कमळी अर्नाळ्याहून दर रविवारी मासळीची टोपली घेऊन येते. टेबलाकडे बघून ती दारातच थांबली.

"वहिनी, ह्या काय मांडलाय? कोनाचा लगीन हाय?"

"ये, आत ये. हात धू आणि ह्या दोन ग्लासांचा वास घे."

"अगं, तिच्या टोपलीत बोंबील आहेत," प्रल्हादराव खालच्या आवाजात म्हणाले. "तिला दुसरं काय कळणार?"

"बोंबलांचा वास तिला येतच नाही. आयुष्य गेलं त्यात. तिला बाकीचेच वास येतात," विनयाबाई म्हणाल्या.

कमळीने पाचवा हुंगला आणि मान डोलावली. आठव्याला नाक लावलं मात्र, ग्लास लांब धरला. "ह्यो नाय. बर्फाच्या पेटीखाली आम्ही पुठ्ठा घालताव. तो चार दीस पान्यात रवला का असाच येते."

"ओला पुठ्ठा!" विनयाबाई म्हणाल्या. "मला शब्द सापडत नव्हता." आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, जशी एकाच खात्यातली माणसं हसतात. मग त्यांनी अर्धा डझन बोंबील घेतले.

दुपारी एक वाजता अश्लेषा सिद्धेश सरांना घेऊन आली. सिद्धेश सर पस्तिशीचे, परदेशात वाइनची परीक्षा दिलेले, ग्लास हातात नसतानाही मनगट गोल फिरवणारे. आत येताच त्यांची नजर टेबलावरच्या आठ उघड्यानागड्या बाटल्यांवर गेली.

"लेबलं कुठे आहेत?"

अश्लेषाने वडिलांकडे पाहिलं. विहीर हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता.

"ब्लाइंड!" रुडॉल्फ गरजले. "नाव बघून वास घेतला की मन फसतं साहेब. आम्ही काढून टाकली लेबलं."

"सगळी?" सिद्धेश सर म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आदर उमटला. "आमच्याकडेसुद्धा कोणी इतकं मनावर घेत नाही."

प्रल्हादरावांनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. 'आत्ता ठेचलेली मिरी आणि उन्हात तापलेलं जांभूळ.' सिद्धेश सर ग्लास नाकाशी नेत, डोळे मिटत, मग उघडून प्रल्हादरावांकडे बघत. 'ढोबळी मिरचीचा पहिला काप, आणि टोक केलेली नवी पेन्सिल.' 'चीक गेलेलं काळं करवंद.' तिसऱ्यानंतर ते खुर्चीत पुढे सरकून बसले.

"काका, हे तुम्ही ओळखलंत?"

हा क्षण मोठा मोहाचा होता. गोठोस्करांचं नाक, चौतीस वर्षांची कीर्ती, समोर मुलीचा साहेब. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या विनयाबाईंकडे बघितलं.

"नाक हिचं आहे," ते म्हणाले. "माझं फक्त शुद्धलेखन."

अश्लेषाने आईकडे असं पाहिलं, जणू तिला ती पहिल्यांदाच भेटत होती.

"वाचा, चौथं वाचा," सिद्धेश सर म्हणाले. रुडॉल्फनी उत्साहाच्या भरात हाताला लागली ती बाटली उचलून त्यांच्या ग्लासात ओतली. प्रल्हादरावांनी वाचलं, 'न्हाऊ घातलेल्या बाळाला दिलेली धुरी.'

सिद्धेश सरांनी वास घेतला, ग्लास फिरवला, पुन्हा घेतला.

"सॉरी, काकू. इथे मी सहमत नाही," ते सौम्यपणे म्हणाले. "धूर कुठेच नाही. ही जंगलातली ओली माती आहे. आमच्या रिझर्व्हचं वैशिष्ट्यच आहे ते. फार क्लासिक."

"ती बाटली खराब आहे," विनयाबाई म्हणाल्या.

"आई!" अश्लेषा कळवळून म्हणाली. तिच्या साहेबाच्या परीक्षेला, तिच्या कंपनीच्या सगळ्यात भारी वाइनला, तिच्या कन्फर्मेशनला, सगळ्याला एका वाक्यात धक्का लागला होता.

"तुम्ही आठव्यातली घेतलीत," विनयाबाईंचा आवाज चढला नाही. भाजीवाल्याला आतलं वांगं किडकं आहे हे सांगताना असतो, तेवढाच होता. "ह्या पाचव्यातली घ्या. मग परत ती घ्या. ओल्या पुठ्ठ्याचा वास आहे. मी एकटी म्हणत नाही, अर्नाळ्याची कमळीही म्हणाली."

सिद्धेश सरांनी पाचव्यातली घेतली. मग आठव्यातली. मग पुन्हा पाचव्यातली. त्यांचं मनगट फिरायचं थांबलं होतं. त्यांचे कान हळूहळू लाल झाले.

"बूच लागलंय हिला," अखेर ते म्हणाले. "बुचातला दोष वाइनला लागतो तेव्हा नेमका हाच वास येतो. परीक्षेत मला विचारलं होतं हे." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "काकू, आमच्या रिझर्व्हची मी गेल्या महिन्यात चार लोकांपुढे तारीफ केली. ओली माती म्हणून. आता मला गोदामातली बुचं तपासायला लागणार." आणि मग ते इतक्या मोकळेपणी हसले, की प्रल्हादरावांना तो मुलगा एकदम आवडला. चुकलो हे इतक्या लवकर कबूल करणारा माणूस त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता. आणि आरशात तर चार वर्षं पाहिला नव्हता.

त्यानंतर फक्त एक अडचण उरली. दारूच्या बाटलीवर बाळ छापता येणार नाही, असं सिद्धेश सरांचं म्हणणं पडलं. प्रल्हादरावांनी देवघरातला ऊद सुचवला. तो तर त्याहून अवघड निघाला. पाऊण तास घासाघीस झाली. तोवर विनयाबाईंनी फोडण्या देऊन बोंबील तळले, आणि शेवटी 'विझत्या निखाऱ्यावर टाकलेला ओवा' ह्यावर बोंबलांच्या साक्षीने तह झाला. विनयाबाईंना चव घेऊन बघायचा आग्रह झाला. "चव तुमची तुम्ही बघा. मला वासच पुष्कळ झाला," म्हणून त्या भात आणायला गेल्या.

अश्लेषा कायम झाली. बाटल्या मराठी वर्णनासह बाजारात आल्या. आता महिन्यातून एकदा विनयाबाईंना नाशिकला बोलावणं येतं. त्या दशम्या बांधून घेऊन जातात, पांढऱ्या कोटातल्या माणसांच्या रांगेत नऊवारीत नव्हे, साध्या सुती साडीत बसतात, बाटल्यांची झडती घेतात आणि एक थेंब न पिता परत येतात. प्रल्हादराव शेजारी वही घेऊन बसतात. कोणी विचारलं तर ते स्वतःची ओळख 'ह्यांचे लेखनिक' अशी करून देतात, आणि ती देताना त्यांची मान पूर्वी जळक्या गोदामाच्या दारात असायची तशी किंचित वर असते.

विनयाबाई त्यांना नाकाच्या डॉक्टरकडेही घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, वचन देत नाही, पण रोज सकाळी चार ठरलेले वास घ्या, नाकाला पुन्हा शाळेत घाला. तेव्हापासून सकाळी चहाआधी टेबलावर चार डब्या मांडल्या जातात: लिंबाची साल, गुलाब, निलगिरी आणि लवंग. प्रल्हादराव डोळे मिटून बसतात, विनयाबाई एकेक डबी नाकाखाली धरतात आणि ते खरं ते सांगतात.

"काही नाही," ते म्हणतात. "काही नाही. काही नाही." आणि चौथीलाही काही नाही. विनयाबाई वहीत चार फुल्या मारतात आणि चहा ठेवतात. असे तीन महिने गेले.

गेल्या गुरुवारी चौथ्या डबीशी प्रल्हादराव थांबले. भुवया आकसल्या.

"लवंग," ते म्हणाले. "लांबून. दुसऱ्या खोलीत कोणीतरी डबा उघडावा तशी. पण लवंग."

विनयाबाईंनी डबीत पाहिलं. मग त्यांचा चेहरा पडला.

"अहो, डबी रिकामी आहे. काल मसालेभातात घातल्या सगळ्या लवंगा, आज भरायच्या राहिल्या."

प्रल्हादरावांनी डोळे उघडले. "असं होय," ते म्हणाले आणि उगाच चष्मा पुसू लागले. चार वर्षं खोटी 'वा' म्हणणाऱ्या माणसाला शेवटी स्वतःचं नाकही खोटं बोलू लागलं, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असणार.

विनयाबाई झाकण लावता लावता थांबल्या. त्यांनी ती रिकामी डबी स्वतःच्या नाकाशी नेली, डोळे मिटले आणि तशाच उभ्या राहिल्या. गॅसवर चहाचं पाणी उकळून कमी होत चाललं होतं, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

मग त्यांनी डबी पुन्हा नवऱ्यापुढे धरली.

"परत घ्या," त्या म्हणाल्या. "अहो, आहे. डबीला लागून राहिलाय. परत घ्या बघू."

आणि डाव्या हाताने त्यांनी वही जवळ ओढली.